कोलूच्या पायऱ्यांखालची बाग

सर्वपित्री अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या जुन्या घरांत एखाद्या पसरट ताटात ओली माती घालून मोहरी पेरली जाते. अमावास्येला कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्या लागतात, तीन, पाच, सात किंवा नऊ. सम आकडा चालत नाही. त्यांवर पांढरं धोतर नाही तर चादर अंथरून बाहुल्या मांडल्या जातात. वरच्या पायऱ्यांवर देव, खाली संत, त्याखाली लग्नाची वरात, वाणी आणि त्याची बायको. ही मांडामांड घरातल्या बायकांची. सगळ्यांत खालच्या पायरीपुढची जमीन मात्र मुलांची, आणि मोहरीचं ताट असतं ते तिथल्या बागेसाठी.

दोन-तीन दिवसांत मोहरीला कोंब फुटतात आणि ताटभर हिरवळ उभी राहते. तिच्याभोवती वाळू पसरायची. मधोमध जुना आरसा ठेवून त्याच्या कडा वाळूने झाकल्या की तळं होतं. काड्यापेट्यांची घरं, आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण, बुटाच्या खोक्याचं देऊळ, गोट्यांनी आखलेला रस्ता. झाडासाठी तारेभोवती हिरवा कागद गुंडाळायचा. एवढं झालं की खरा प्रश्न येतो. बाहुली चार बोटांची आणि घर दोन बोटांचं, मग ती घरात शिरणार कशी? मूल थांबतं, घर मोडतं आणि मोठं खोकं शोधायला जातं. वास्तुरचना शिकवणाऱ्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी प्रमाण शिकवतात ते हेच. इथे ते आठव्या वर्षी, कुणी न शिकवता, जमिनीवर बसून कळतं.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. दिवाळीत आपली मुलं दगड, विटा, गोणपाट आणि चिखल घेऊन अंगणात किल्ला रचतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, हिरवळ आली की मावळे उभे करतात. दोन्ही रिवाजांचा उगम एकच आहे असा दावा मी करणार नाही. पण कावेरीकाठच्या या गावात हे साम्य पाहताना मन हलतं, कारण इथे मराठी बोलणारी घरं साडेतीनशे वर्षांपासून आहेत. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि 1855 पर्यंत ती भोसल्यांकडे राहिली. त्या काळात आलेली देशस्थ कुटुंबं तंजावरात आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या कुंभकोणमात स्थिरावली. घरात मराठी, दारात तमिळ, आणि नवरात्रात कोलू. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ उभं आहे. भजनसंप्रदायाने पंढरपूरची वाट या भागात कधीच बुजू दिली नाही.

हा लेख मुलांच्या हस्तकलेविषयी आहे, आणि त्यासाठी कुंभकोणम निवडण्याचं कारण सरळ आहे. या गावाच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिसरात ओतकाम, विणकाम, दिवे, दगडी कोरीवकाम आणि रांगोळी इतकी दाटीने नांदतात की मुलांना हाताने काय करायला द्यावं याची उत्तरं रस्त्यावर सापडतात. ‘डिझाइन’ हा शब्द आपण महागड्या वस्तूंसाठी राखून ठेवला आहे. इथे तो झापाच्या पातीत आणि डाळीच्या डब्यात दिसतो.

पातीपासूनच सुरुवात करू. कुंभकोणमच्या पश्चिमेला स्वामीमलै हे गाव आहे. कार्तिकेयाच्या सहा मोठ्या क्षेत्रांपैकी एक. पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मधमाश्यांचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र करून ते मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर चढवतात, तापवून मेण बाहेर काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. हे वर्णन अनेकांनी वाचलेलं असतं. मला थक्क करते ती त्याआधीची पायरी. मूर्तीचं माप ठरवायला स्थपती नारळाच्या पातीची एक अरुंद पट्टी घेतो आणि ती मूर्तीच्या उंचीइतकी कापतो. मग तो पट्टीला घड्या घालतो. या घडीपर्यंत चेहरा, या घडीपर्यंत छाती, इथे नाभी, इथे गुडघा. पट्टीवर एकही आकडा नसतो. वीतभर मूर्ती असो की पुरुषभर, पात बदलते आणि घड्यांचा हिशेब तोच राहतो.

हा हिशेब शिल्पशास्त्रातल्या तालमानाचा. ताल म्हणजे हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा, आणि साधारण तेवढाच आपला तळहात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. नवताल मूर्ती 108 अंगुळांची. चेहरा 12, मान 4, छाती 12, पोट 12, त्याखालचा भाग 12, मांडी 24, गुडघा 4, पोटरी 24, पाऊल 4. बेरीज करून पाहा, बरोबर जुळते. गणपतीला पंचताल धरतात, म्हणून तो ठेंगणा, गुबगुबीत आणि लहान मुलासारखा दिसतो.

हे घरी करायला वर्तमानपत्राच्या कडेची लांब पट्टी पुरते. मुलाने तिचे आधी तीन सारखे भाग करावेत, मग प्रत्येक भागाचे पुन्हा तीन. नऊ भाग झाले. पट्टी कागदावर उभी ठेवून घड्यांच्या जागी खुणा करायच्या आणि त्यांच्या आधाराने माणूस काढायचा. मग दुसरी पट्टी घेऊन तिचे पाचच भाग करायचे आणि तोच माणूस पुन्हा काढायचा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की एक देखणा वीर दिसतो आणि एक बाळ. पाच सारखे भाग करणं अवघड असतं; मुलं अंदाजाने घडी घालतात, चुकते, उलगडतात, पुन्हा घालतात. ही धडपड मोठ्यांनी थांबवू नये. ‘चित्र चांगलं येत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना प्रत्यक्षात कुणी माप दिलेलं नसतं. हात त्यांचा ठीकच असतो.

पट्टीनंतर ठिपके. पहाटे कुंभकोणमच्या गल्ल्यांत दारापुढे सडा पडतो आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके उमटतात. आपली ठिपक्यांची रांगोळी ठिपके जोडते. तमिळ सिक्कु कोलम ठिपक्यांना स्पर्श करत नाही. रेघ प्रत्येक ठिपक्याला वळसा घालत तिरकी पुढे जाते, कडेला पोचली की वळते, स्वतःलाच ओलांडत निघते आणि सुरुवातीच्या जागी परत येते. सगळे ठिपके कोंडले गेले पाहिजेत, आणि रेघेला सुटं टोक राहता कामा नये. नियम इतकाच. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, ही कोलम रस्ता अडवण्याइतकी मोठी होतात.

या नियमात एक सुंदर गणित दडलं आहे आणि ते चौथी-पाचवीतल्या मुलाला स्वतः शोधता येतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. तूरडाळीचे दाणे आयताकृती मांडा, तीन ओळी आणि प्रत्येकीत चार दाणे. आता लोकरीचा धागा वरच्या नियमाने प्रत्येक दाण्याभोवती फिरवा. एकच धागा सगळे दाणे व्यापून परत येतो. मग तीन गुणिले तीन मांडा. या वेळी धागा काही दाणे सोडून लवकरच सुरुवातीला पोचतो आणि दुसरा धागा घ्यावा लागतो, मग तिसरा. चार गुणिले सहाला दोन धागे लागतात. दोन गुणिले तीनला एक. थोडे प्रयोग झाले की मुलाच्या तोंडून उत्तर येतं: धाग्यांची संख्या म्हणजे दोन आकड्यांचा मसावि. शाळेत मसाविचा अर्थ ‘भागाकाराची रीत’ एवढाच राहतो. इथे तो हातात धरलेल्या लोकरीच्या तुकड्यांत मोजता येतो. वेगवेगळ्या रंगांची लोकर घेतली तर उत्तर दुरूनही दिसतं.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासोबत 1974 मध्ये कोलमवर शोधनिबंध लिहिला, आणि संगणकशास्त्रातल्या ‘चित्रभाषां’च्या अभ्यासाला दारापुढच्या पिठाच्या रेघांनी बळ दिलं. हे काम करणाऱ्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांचं ज्ञान गंभीरपणे घेतलं, याचं मला मोल वाटतं.

कुंभकोणममध्ये गणिताचा विषय निघाला की रामानुजनचं नाव येणारच. सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर त्यांचं बालपणीचं छोटं कौलारू घर जपून ठेवलं आहे. ते टाऊन हायस्कूलमध्ये शिकले. कागद परवडत नसल्याने पाटीवर गणितं मांडायची आणि कोपराने पुसायची, ही त्यांची सवय सर्वश्रुत आहे. कोलममुळे रामानुजन घडले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मात्र पुसता येणारी पाटी आणि रोज पुसून नव्याने काढलं जाणारं कोलम या दोन्हींत चुकण्याची भीती नसते, हे आपल्या मुलांसाठी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. महागड्या जाड ड्रॉइंग पेपरवर मूल बिचकतं. जुन्या बिलाच्या पाठीवर ते मोकळं होतं.

उन्हाळ्यात या भागात ताडगोळे येतात. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष. फळाचा माथा छाटून आतले गोळे बोटाने काढून खायचे, आणि उरलेली दोन जड, गोल टरफलं काठीच्या दोन टोकांना बसवायची. दुसरी लांब काठी दुबेळक्याची घेऊन तिचं बेळकं त्या आसावर टेकवायचं आणि पळत सुटायचं. ही नुंगू-गाडी. खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या मुलं ही गाडी स्वतः करत आली, विकत कुणी घेतली नाही. एक चाक लहान असलं की गाडी त्या बाजूला वळत राहते. आस आखूड असला तर चाक निसटतं, फार लांब असला तर काठी वाकते. हे सगळं मुलाला पळताना कळतं आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतं. महाराष्ट्रात ताडगोळे पालघरच्या किनाऱ्यावर मिळतात. बाकीच्यांनी बाटल्यांची झाकणं, रिकामी रिळं किंवा भाजीवाल्याकडचा दुधी भोपळा घ्यावा. चकत्या कापताना मोठ्यांनी सोबत असावं, एवढंच.

तंजावरची डोलणारी बाहुली अनेक मराठी घरांच्या शोकेसमध्ये असते. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिची एक जात अशी की ढकलली की आडवी होते आणि लगेच उठून बसते. हे कसं घडतं, हे नारळाच्या करवंटीतून शिकता येतं. डोळे नसलेली अर्धी करवंटी घ्या, कारण तिचा तळ जास्त गोल असतो. आत तळाशी ओल्या मातीचा गोळा दाबून बसवा. वर जुन्या लग्नपत्रिकेचा शंकू करून धड बसवा आणि कागदी डोकं लावा. माती कमी पडली किंवा धड उंच झालं की बाहुली पडते ती पडूनच राहते. माती वाढवा, धड छाटा, पुन्हा ढकला. वजन तळाशी आणि तळ गोल, या दोन गोष्टी जमल्या की ती उठते. मूल त्या क्षणी ओरडतं. ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द त्याला पुढच्या वर्षी शाळेत सांगा, तो आपोआप डोक्यात बसेल.

घरगुती साहित्यात जपून हाताळायच्या वस्तूही असतात. तमिळनाडूत चतुर्थीला मातीच्या गणपतीचे डोळे गुंजांचे लावतात, गळ्यात रुईच्या फुलांची माळ आणि डोक्यावर रंगीत कागदाची छोटी छत्री असते. छत्री मुलांना जरूर करू द्या: गोल कागद, त्रिज्येवर एक काप, कडा एकमेकींवर सरकवून चिकटवल्या की शंकू, मध्ये केरसुणीचा हीर. गुंज मात्र अतिशय विषारी आणि रुईचा चीकही डोळ्यांना घातक. लहानग्यांच्या हाती या दोन्ही वस्तू देऊ नयेत. डोळ्यांना चिंचोके उत्तम. बांधायला दोरा हवा तर केळीचं वाळलेलं सोपट फाडून घ्या. कुंभकोणमच्या देवळांपुढे बसणारे माळी हार केळीच्या धाग्यानेच गुंफतात, आणि आपल्या कोकणातही ही रीत आहे.

कुंभकोणमच्या कॉफीचं नाव मोठं आहे, पण मुलांसाठी मला त्या कॉफीचं भांडं जास्त महत्त्वाचं वाटतं. पितळी पेला आणि त्याखालची डबरा नावाची वाटी. पेल्याची कड बाहेर वळवलेली असते. का? कॉफी उकळती असताना बोटं धातूच्या अंगाला न लावता कडेला धरायची म्हणून. कड वळलेली असल्याने धार नीट पडते, आणि ओठ न लावता वरून पिता येतं. डबराही काठाला वळलेली, कारण कॉफी पेल्यातून तिच्यात आणि तिच्यातून पेल्यात ओतून निववायची. अमेरिकेतले डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी 1958 मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या तांब्याचा विचार केला होता: त्यात पाणी किती मावावं, तो कुणाच्या हाताने उचलला जाणार, डोक्यावर जाणार की कमरेवर, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कुठे राहतो. त्या अहवालाच्या पाठोपाठ 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. मुलाला एखाद्या दुपारी डबरा-पेला, सांडशी किंवा किसणी समोर ठेवून एवढंच विचारा, याला हा आकार का? मग पुठ्ठ्यातून त्याच कामाची वेगळ्या आकाराची वस्तू करायला सांगा. हा प्रकल्प एका पैशाचा नाही, आणि ईम्सनी विचारलेले प्रश्न सात वर्षांचं मूलही विचारू शकतं.

त्याच अहमदाबादच्या संस्थेत सुदर्शन खन्नांनी जत्रांत विकली जाणारी कागद, काड्या, माती आणि टाकाऊ डबे यांची खेळणी गोळा केली आणि त्यांची रचना उलगडून दाखवणारी पुस्तकं लिहिली. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिमितीय आकृत्या केल्या. टेल्कोतली नोकरी असताना 1978 मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात रजा घेऊन गेले आणि तिथल्या आठवडी बाजारातल्या वस्तूंतून विज्ञान शिकवू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याही आधी ताराबाई मोडक होत्या. मारिया मॉन्टेसरी 1939 मध्ये मद्रासला अड्यारला आल्या आणि त्यांची पद्धत देशभर पसरली, पण तिची साधनं महाग. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं आणि अनुताई वाघांच्या सोबतीने शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिक्षणाचं साहित्य केलं. वारली वस्तीतली मुलं जे रोज हाताळत होती तेच शाळेत आलं. हा वारसा जितक्या अभिमानाने सांगायला हवा तितक्या अभिमानाने आपण मराठी माणसं सांगत नाही.

आणि या वारशाची एक गाठ पुन्हा कुंभकोणमशी पडते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले राजा सर टी. माधवराव 1828 मध्ये इथेच एका तंजावरी मराठी घरात जन्मले. राज्यकारभार केलेल्या या माणसाने 1889 मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, आपल्याकडच्या मुलांच्या संगोपनावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिची भाषांतरं गुजराती, मराठी आणि मल्याळममध्ये झाली. एवढ्या मोठ्या प्रशासकाने निवृत्तीत लहान मुलांकडे वळावं, हे मला त्याच्या कारभाराइतकंच मोठं वाटतं.

आता आजचं बोलू. कोलूच्या बाहुल्यांचे तयार संच मिळतात, पायऱ्याही घडीच्या स्टीलच्या मिळतात. आपल्याकडे प्लॅस्टरचे रंगवलेले किल्ले रस्त्यावर विकायला असतात. ‘क्राफ्ट किट’च्या खोक्यात सगळे तुकडे आधीच कापलेले असतात, आणि खोक्यावरच्या चित्रासारखं झालं की काम संपतं. शाळेचे ‘प्रोजेक्ट’ रात्री अकराला आई-वडील करतात, कारण गुण नीटनेटकेपणाला असतात. विकत आणण्यावर माझा राग नाही. कोलूच्या बाहुल्या पूर्वीही कुंभाराकडूनच येत. पण खालच्या जमिनीवरची बाग मुलांची होती, आणि तिच्यात कुणी हात घालत नव्हतं. मूल आणि साहित्य यांच्यामध्ये आज जे तिसरं येऊन बसलं आहे, तयार खोकं असो की उत्साही पालक, त्याने बाजूला व्हायला हवं. मोडण्याचा आणि पुन्हा करण्याचा वेळ हा या कामाचा मुख्य भाग आहे. खोकं नेमका तोच वाचवतं.

शिक्षकांना एक विनंती. वर्षातला एक प्रकल्प असा द्या ज्यात दुकानातून काहीही आणायला मनाई असेल. तो वर्गातच, शाळेच्या वेळात करून घ्या, आणि गुण द्यायचेच असतील तर किती वेळा मोडून पुन्हा केलं त्याला द्या. पालकांना विनंती याहून सोपी आहे. स्वयंपाकघरातला एक खालचा कप्पा रिकामा करा. त्यात रिकाम्या काड्यापेट्या, करवंट्या, लोकर, पुठ्ठे, बाटल्यांची झाकणं, चिंचोके आणि जुन्या साडीचे तुकडे ठेवा. कप्प्याची चावी नको, आणि त्यातून काय झालं पाहिजे हे आधी ठरवू नका.

दिवाळीच्या सुट्टीला अजून दिवस आहेत. तोवर हा कप्पा भरून होईल.